मधला विसावा

कालव्याला यंदा पाणी आठवड्यातून दोनच पहाटा. तेही कालव्यावरच्या माणसाची मर्जी असली तर. टोमॅटो मात्र कुणाच्या मर्जीसाठी थांबत नाही. पिकायचा तेव्हा पिकतो, आणि वेळेवर तोडला नाही तर झाडावरच फुटून माश्यांची धन करतो. त्यामुळे ऊन चढायला लागल्यापासून त्या घरात कुणाची कंबर म्हणून सरळ झाली नव्हती.

अशात एका सकाळी थोरलीनं सरीतून मान वर काढली, तर तिची धाकटी जाऊ विजेच्या खांबाशी उभी. दोन्ही हात रिकामे. तोंड उघडं, छाती वरखाली होतेय, नजर कुठंतरी लांब.

"काय गं, खांब पडेल म्हणून धरून ठेवलायस का?" थोरलीनं विचारलं.

धाकटीनं थांबा अशी खूण केली. मग दम खात, तुकड्यातुकड्यांनी म्हणाली, "आज आमच्या... घरी सगळे... ठीक आहेत."

"कोण ठीक आहेत?"

"वाक्य आहे ते, जाऊबाई. मास्तरांनी दिलेलं. न तुटता बोलता आलं की... पुन्हा पळायचं. तोवर उभं राहायचं."

"बरंय बाई," थोरली म्हणाली आणि पुन्हा वाकली. घरी सगळे ठीक आहेत म्हणे! घरात ठीक असं एक माणूस तिला आठवेना.

ठीक नसण्याची सुरुवात धाकट्यापासून झाली होती. धाकटा म्हणजे थोरलीचा दीर, या धाकटीचा नवरा. गेल्या पावसाळ्याअखेर टेम्पोत माल भरताना त्याचा पाय फळीवरून घसरला आणि वर रचलेली भरली कॅरेटं त्याच्यासकट खाली आली. हाड सांधलं, पण ओझं उचलणं गेलं ते गेलंच. आता तो काठी टेकत पत्र्याच्या शेडमध्ये यायचा आणि स्टुलावर बसून टोमॅटो निवडायचा. कडक एकीकडे, मऊ एकीकडे. बोलायचा फार कमी. थोरला टेम्पो चालवायचा, रात्री माल घेऊन बाजाराला आणि सकाळी येऊन झोपायला. सासूला धाप होती, तिच्याकडे चूल आणि तोंड. राहिल्या दोघी जावा. तोडायचं त्यांनी, वाहायचं त्यांनी, पाण्याची पाळी आली की सऱ्यांची दारंही त्यांनीच धरायची.

त्यातच जंगल खात्याची जाहिरात आली. डोंगराला दर उन्हाळ्यात वणवा लागतो, त्यावर पाळत ठेवायला बायका हव्यात. कायमची नोकरी, राहायचं डोंगरावरच. पाऊस पडो न पडो, पगार पडणार. वयाची अट तिशीची, आणि धाकटीचं तिसावं संपत आलेलं. लेखी परीक्षा नाही, मुलाखत नाही, मैदानाला दोन फेऱ्या पळायच्या. पहिल्या सहा जणी आत, बाकीच्या घरी.

घरात बैठक बसली. सासू म्हणाली, "पळू दे की. पळायला काय लागतं? शेळ्यांच्या मागं जन्मभर पळालीच असेल."

थोरला म्हणाला, "पळ. पण कामाचा खोळंबा नको."

धाकट्यानं बायकोकडे नुसतं असं पाहिलं की तिनं खाली मान घातली. थोरलीला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती, पण विचारलं नाही ते तिच्या मनात राहिलं.

गावातल्या शाळेचे निवृत्त कवायत मास्तर गळ्यात अजून शिट्टी अडकवून हिंडायचे, म्हणून त्यांना सगळे शिट्टीमास्तर म्हणत. त्यांनी धाकटीला शिकवायचं कबूल केलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं की दोन फेऱ्या पळायच्या म्हणून रोज दोन फेऱ्या पळत बसायचं नाही. विहिरीपासून खांबापर्यंत जीव खाऊन पळायचं. मग थांबायचं. पुन्हा पळायचं. पुन्हा थांबायचं. घड्याळ नाही? नसू दे. वाक्य आहे ना!

पळणं लोकांना पटलं. थांबणं कुणाला पटेना.

शेजारच्या मळेवाल्यानं बांधावरून हाक मारली, "थोरल्या वहिनी, धाकट्या बाईंना डॉक्टरला दाखवा हो. आधी कुणी मागं लागल्यासारख्या पळतात, मग खांबाशी बोलत बसतात!"

त्याच्या टेम्पोत माल भरणारे दोघं खो खो हसले. थोरलीनं पदर तोंडाला लावला आणि सरी संपेपर्यंत वर पाहिलं नाही. चारचौघांत शोभा झाली ती झालीच. बाई माणसानं भर हंगामात रिकाम्या हातांनी उभं राहायचं म्हणजे काय? तिच्या सबंध आयुष्यात तिनं असली गोष्ट पाहिली नव्हती. उभं राहिलेल्या बाईला त्या घरात एकच प्रश्न विचारला जायचा, "काही हवंय का?"

दुपारी ती धाकटीला म्हणाली, "हे बघ, उभं राहायचं तर राहा. पण हातात निदान काहीतरी घेऊन राहा. लोकांना तेवढं तरी दिसू दे."

धाकटी शहाणी. तिनं दुसऱ्या दिवशी धाव संपली की खांबाशी ठेवलेलं भरलं कॅरेट उचललं. उभं राहायचंच आहे तर कॅरेट धरून राहू. धरलंच आहे तर शेडपर्यंत नेऊन टाकू. शेडपर्यंत गेलोच आहोत तर येताना रिकामं घेऊन येऊ. असं करता करता तिच्या प्रत्येक थांब्यात एक खेप बसली. वाक्य ती खेप वाहताना म्हणायची. तुटायचं. पण तिच्या हिशोबानं पळणं थांबलं म्हणजे विसावा झाला. कॅरेट उचलणं त्या घरात काम होतं, पण दमण्यात ते कुणी धरत नसे.

थोरलीचं काम हलकं झालं. पहिल्यांदा ऊन डोक्यावर यायच्या आत तोडा संपायला लागला. सासू तर खूश झाली. "बघा, पळणंही होतंय आणि कामही होतंय. त्या मास्तरला प्रपंच कुठं ठाऊक!"

धाकटी वाळायला लागली. गालाची हाडं वर आली. जेवताना घास हातात धरून ती तशीच बसून राहायची, आणि सासू म्हणायची, "पळून पळून भूक मेली बाई हिची." थोरलीला वाटायचं, होतंच असं, सवय होईल.

मग मास्तरांनी तिला शाळेच्या मैदानावर बोलावलं. सोबत थोरली गेली. मैदानात चुन्याची रेघ मारलेली, कडेला दोन कुत्री झोपलेली. मास्तरांनी शिट्टी फुंकली. पहिली फेरी धाकटी बरी पळाली. दुसरीच्या पहिल्या वळणावर तिचे खांदे वर चढले, मान मागं गेली. पुढच्या सरळ पट्ट्यात ती पळायचं सोडून चालायला लागली, आणि चालता चालता खाली बसून ओकली.

मास्तर घड्याळाकडे पाहत उभे राहिले. "पहिल्या दिवशी याहून बरी होतीस तू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, नुसतं कोडं होतं. "जेवतेस?"

"जेवते."

"झोपतेस?"

"झोपते."

"मधे थांबतेस?"

"थांबते की मास्तर. खांबाशी रोज थांबते."

थोरलीनं लोट्यानं तिच्या हातावर पाणी घातलं. परत येताना धाकटीच्या मनात एकच होतं, आपल्या अंगात नाही ते. थोरलीच्याही मनात तेच होतं आणि त्याबरोबर, खरं सांगायचं तर, थोडी सुटकाही होती. नाही जमलं तर नाही जमलं, दोघी मिळून तोडा तरी करू.

दोनतीन दिवसांनी मास्तर न सांगता मळ्यात आले. सायकल बांधाला टेकवली आणि गुपचूप उभे राहिले. धाकटी विहिरीपासून सुटली, खांबाला हात लावला, आणि वाकून कॅरेट उचलून शेडच्या वाटेला लागली. परत आली ती धापा टाकत, रिकामं कॅरेट खाली ठेवलं, आणि पुन्हा विहिरीकडे.

मास्तरांनी शिट्टी फुंकली. इतक्या जोरात की शेडमधल्या धाकट्याच्या हातातला टोमॅटो खाली पडला.

"हे काय चाललंय?"

"विसावा," धाकटी म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

"हे कुणी सांगितलं तुला?"

धाकटीनं पायाकडे पाहिलं. टोमॅटोच्या पाल्यानं थोरलीचे हात काळेहिरवे चिकट झाले होते, ते लुगड्याला पुसत ती सरीतून बाहेर आली. "मी सांगितलं. हातात काहीतरी असू दे म्हटलं. लोक हसत होते."

मास्तर कपाळावर हात मारून बांधावर बसले. मग म्हणाले, "बाई, पळण्यानं शरीर मोडतं. जुळतं ते थांबल्यावर. मी तिला पळायला शिकवतच नव्हतो हो, पळायला तिला येतंय. मी मधला विसावा शिकवत होतो. तुम्ही तिला रोज मोडलीत आणि जुळू दिलीच नाहीत."

मग जे विचारायला हवं ते थोरलीनंच विचारलं, कारण दुसरं कुणी विचारणार नव्हतं. "मग कॅरेट कुणी उचलायचं, मास्तर?"

मास्तरांनी शेडकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं, टेम्पोखाली झोपलेल्या थोरल्याच्या पायांकडे पाहिलं. "ते मला माहीत नाही, बाई," ते म्हणाले, आणि सायकल घेऊन गेले. भला माणूस, खोटं बोलला नाही.

दुसऱ्या सकाळी धाकटी खांबाला शिवली आणि सवयीनं कॅरेटाला वाकली, तेव्हा थोरली तिथं उभी होती.

"ठेव खाली."

"पण जाऊबाई..."

"ठेव म्हणते ना. उभी राहा. आणि नीट उभी राहा, चोरी केल्यासारखी नको."

धाकटी उभी राहिली. तिला ते जमेना. हात कमरेवर ठेवले, काढले, पाठीमागं नेले, पदराशी चाळा केला. "हातांचं काय करू?" तिनं विचारलं.

"मला काय विचारतेस? मी कधी उभी राहिलेय?" थोरली म्हणाली आणि कॅरेट खांद्यावर घेऊन चालायला लागली.

तेव्हापासून दोघींच्या खेपा एकीच्या झाल्या. थोरली पहाटे दारं धरायला एकटी जायची, चिखलात पोटऱ्या बुडवून पाणी या सरीतून त्या सरीत वळवायची, आणि उजाडताच तोडायला वाकायची. टोमॅटोची अर्धी फळं झाडाच्या बुडाशी लागतात. वरची उभ्यानं निघतात, खालची कंबर घेतात. कॅरेटाच्या कडेनं तिच्या खांद्याला आधी लाल वळ उठला, मग निळा, मग तिथली कातडी टणक झाली आणि दुखायचं आत सरकलं. गुडघा चढावर कटकट वाजायला लागला. जेवायला खाली बसताना ती भिंत धरायची आणि उठताना माणूस शोधायची.

मळेवाला म्हणाला, "वहिनी, एकट्याच? धाकट्या बाई आज देखरेखीला का?"

"हो," थोरली म्हणाली. "पगारी ठेवलीय."

काही दिवस तिला धाकटीचा मनापासून राग यायचा. तिचं ते शांत उभं राहणं, डोळे मिटून श्वास सोडणं, ते वाक्य. वाक्य आता तुटत नव्हतं. घरी सगळे ठीक आहेत असं धाकटी स्वच्छ आवाजात बोलायची आणि वाऱ्यासारखी सुटायची, आणि थोरलीला वाटायचं एखादं ढेकूळ उचलून हिच्या पाठीत घालावं. एकदा त्या भरात तिनं धाकटीच्या नावानं ओरडत कॅरेट शेडमध्ये आदळलं. वरचा थर फुटला, रस धाकट्याच्या पायावर उडाला. फुटलेले टोमॅटो एकेक उचलून त्यानं मऊ ढिगात टाकले आणि नंतर बराच वेळ हातातला टोमॅटो नुसता फिरवत राहिला. थोरलीला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून खांदा थांबला नाही दुखायचा.

मास्तर एकदा येऊन धाकटीची धाव पाहून गेले. "पाय तयार झाले," ते म्हणाले. "आता डोकं. रोज दुपारी आडवी पड, डोळे मीट, आणि शर्यत पळ. रेघेपासून रेघेपर्यंत. शिट्टी ऐक. पहिल्या वळणाला बाकीच्या उधळतील, त्यांच्या नादी लागू नको. आणि दुसऱ्या फेरीचा तो मागचा सरळ पट्टा, जिथं तू बसलीस, तिथं पाय जड होणारच. सगळ्यांचे होतात. तिथं मनात काय आणायचं ते आजच ठरवून ठेव. तिथं गेल्यावर ठरवता येत नाही."

झालं. दुपारी जेवणानंतर धाकटी शेडच्या सावलीत पोत्यावर पडायची आणि डोळे मिटायची.

"झोपली का गं ही?" सासू विचारायची.

"नाही आई, पळतेय," थोरली सांगायची.

"मग मलाही सांगा एखाद्या दुपारी पळायला. मीही पहिली येईन."

थोरलीला दुपारी तेवढीच पाठ टेकायला मिळायची. ती धाकटीच्या शेजारी पडायची. पापण्यांखाली धाकटीचे डोळे हलताना दिसायचे, पायाची बोटं आखडायची. एकदा थोरलीनं हळूच विचारलं, "कुठवर पोचलीस?"

"मागचा पट्टा."

"मग? काय आणतेस मनात?"

धाकटीनं डोळे उघडले नाहीत. ओठ मात्र दाबले. "सांगितलं तर रागवाल."

"सांग."

"तुम्ही मागून ओरडताय असं आणते. कॅरेट आदळल्यावर ओरडला होतात तसं."

थोरली उठून बसली. रागवावं की काय करावं तिला कळेना. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता बरगडीत कळ आली, तेव्हा कण्हत पुन्हा आडवी झाली. "माझ्या नावाचा तेवढाच उपयोग," ती म्हणाली.

त्यानंतर मात्र एक गंमत झाली, जी तिनं कुणाला सांगितली नाही. चढावर कॅरेट वाहताना ती शर्यत थोरलीच्याही डोक्यात सुरू व्हायची. इथं रेघ. इथं पहिलं वळण, उधळू नको. शेडचा उंबरा म्हणजे मागचा पट्टा. अडतीस वर्षांची बाई, गुडघ्यानं अधू, आणि मनातल्या मनात हलकी होऊन पळायची. कधी कधी पहिली यायची. पुढं काय ते तिला दिसायचं नाही. कॅरेट उतरवलं की शर्यत संपायची.

शर्यतीच्या दिवशी थोरल्यानं दोघींना टेम्पोत रिकाम्या कॅरेटांमधे बसवून तालुक्याच्या मैदानावर सोडलं आणि तो माल आणायला गेला. मैदानात बायकाच बायका. कुणाच्या पायात शहरी बूट, कुणी अनवाणी, एक तर बाळाला पाजून आईकडे देत होती. धाकटीच्या पायात कापडी बूट, नवऱ्यानं सुतळीनं शिवून दिलेले. छातीवर कागदी आकडा टाचताना टाचणी तिला टोचली तरी तिला कळलं नाही.

उन्हात खूप वेळ बसवून ठेवलं. बाकीच्या पोरी नाचत होत्या, मांड्यांवर थापट्या मारत होत्या. धाकटी थोरलीच्या पदराच्या सावलीत डोळे मिटून पडली. थोरलीनं दोन्ही हातांनी पदर ताणून धरला होता. हात भरून आले. तिनं खाली नाही घेतले.

"कुठवर?" तिनं विचारलं.

"संपली," धाकटी म्हणाली आणि उठली.

शिट्टी झाली. पहिल्या वळणावर धुरळा उठला, त्यात पोरी कोपरं मारत घुसल्या. धाकटी मागं राहिली, जवळजवळ शेवटी. थोरलीच्या शेजारची एक बाई म्हणाली, "ती सुतळीच्या बुटांची गेली बघा." कुंपणाला धरून थोरली मैदानाच्या मागच्या बाजूला चालायला लागली. गुडघा वाजत होता, तशीच जवळजवळ पळत गेली. पोचली तेव्हा दुसरी फेरी सुरू झाली होती. उधळलेल्या पोरी एकेक करून विझत होत्या. शहरी बूटवाली पोटाला धरून वाकली होती. धाकटी त्यांच्या बाजूनं पुढं सरकत होती, तोंड दगडासारखं. आठवी. सातवी. आणि मग त्या पट्ट्यात तिचे खांदे वर चढायला लागले.

आता ओरडायचं, थोरलीला कळलं. याचसाठी ती इथं आली होती. राग भरपूर होता, तीन महिन्यांचा साठवलेला, खांद्यात, कमरेत, गुडघ्यात. तिनं तोंड उघडलं. आणि त्याच क्षणी तिला पहिल्यांदा पुढचं दिसलं. ही आत गेली की डोंगरावर राहायला जाणार. मग सरीत आपण एकट्या. पहाटेच्या पाण्याला एकट्या. सहा महिने नाही, वर्ष नाही, कायमच्या. इतके दिवस आपण वाहिलं ते हिचं काम नव्हे, हिचं जाणं वाहिलं.

धाकटी तिच्या समोर आली. डोळे पांढरे झालेले.

"पळ गं!" थोरली ओरडली. आवाज फाटला. "पळ बाई, मला सोडून पळ! जा!"

धाकटीनं मान वळवली नाही. पण खांदे खाली आले. शेवटच्या वळणावर तिनं सहावीला गाठलं, रेघेच्या अलीकडे पाचवीला, आणि रेघेपलीकडे जाऊन ती पडली नाही, वाकली नाही, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

थोरली कुंपणापाशी खालीच बसली. तिला वाटलं आपण रडतोय ते आनंदानं. थोडा आनंद होताही. पण बराचसा तो आनंद नव्हता.

निवडलेल्या सहा जणींची तिथंच तपासणी झाली आणि तिथूनच त्यांना गाडीत घालून डोंगरावरच्या छावणीला नेलं. घरी जाऊन यायची सवड नाही. धाकटीनं गाडीच्या दारात थोरलीचे हात धरले. "जाऊबाई, मला..." एवढं बोलून तिचं तुटलं.

"जा. ओझं होतंय गाडीला," थोरली म्हणाली. "आणि तिथं तरी जेव नीट."

संध्याकाळी घरी आल्यावर सासूनं दारातच विचारलं, "काय झालं?"

"लागली."

सासूनं देवाला हात जोडले. मग सुनेकडे नीट पाहिलं. "मग तोंड असं का?"

"दमलेय, आई."

सासूनं आत जाऊन चहा टाकला. धाकटा ओसरीत बसला होता. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "बूट टिकले का?" थोरली हो म्हणाली. तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसला.

दुसऱ्या दिवशी पाणी नव्हतं, पण तोडा होता. थोरली उजाडायच्या आधी उठली. उठताना भिंत धरली. डोक्याला फडकं गुंडाळून ती मळ्यात गेली. सगळ्या सऱ्या तिच्या एकटीच्या, टोकापासून टोकापर्यंत लाल. तिला वाटलं इथंच बांधावर बसावं आणि उठूच नये.

पहिल्याच सरीत कुणीतरी होतं. पालथं कॅरेट टाकून त्यावर धाकटा बसला होता. काठी झाडं बांधलेल्या तारेला अडकवलेली. झाडाच्या बुडात हात घालून तो खालची फळं तोडत होता आणि शेजारच्या कॅरेटात टाकत होता. समोरचं संपलं की तारेला धरून उभा राहायचा, दात आवळून, पालथं कॅरेट पायानं पुढं ढकलायचा आणि पुन्हा बसायचा. कधीपासून आला होता कुणास ठाऊक, सरीचा चौथा भाग झाला होता. सदरा पाठीला चिकटला होता.

"भाऊजी, हे काय?" थोरली म्हणाली. "डॉक्टरनं काय सांगितलंय?"

"ओझं उचलू नको म्हणाला. बसू नको असं नाही म्हणाला." त्यानं वर पाहिलं नाही. "मला वाहायला नाही येणार, वहिनी. ते तुमच्याकडेच राहील. पण खालची माझी. वरची तुमची."

थोरली उभी राहिली. नको म्हणायचं तिच्या जिभेवर आलं, जन्मभराच्या सवयीनं आलं. घरची थोरली ती, नको म्हणणं हेच तिचं काम. दुखत असेल त्याला, दिसत होतंच. पण ती नको म्हणाली नाही.

तिनं त्याच्या मागं उभ्यानंच पहिलं झाड धरलं आणि वरची फळं तोडायला लागली. सरी संपेपर्यंत तिला एकदाही वाकावं लागलं नाही.